टेकू काढायचे दिवस

१९ जानेवारी, रविवार

वाचणाऱ्या बाई, चष्मा शोधू नकोस, कपाळावर आहे. पेन्सिल अंबाड्यात आहे. स्कूटरची चावी स्कूटरलाच आहे.

ही वही कुठून आली म्हणून विचारशील, तर तूच दिलीस, तनू. सिमेंटवाल्याने तुला फुकट दिलेली डायरी संक्रांतीला माझ्या हातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "आजी, रोज लिहीत जा गं." मला! माझ्या मांडीवर वाढलीस, आणि आजीला अक्षर येत नाही हे विसरलीस. आठवल्यावर जीभ चावलीस, ते मी पाहिलं. पण संक्रांतीचं वाण कोणी परत देत नाही. तेव्हा मी बोलणार आणि तुझी आई लिहिणार. वंदना म्हणते भाकऱ्या टाकायच्यात. टाक. मधे मधे लिही.

मी सांगते तसंच लिहीत नाही ती. 'नाय' म्हटलं की 'नाही' करते. तरी गुणाची सून आहे. (हे तिने स्वतःहून लिहिलं.)

लिहून ठेवलं की विसरायला मोकळे, ही तुम्हा शिकलेल्यांची सोय. मी धवलारीण. गावातल्या लग्नांचे सगळे धवले, हळदीपासून वरातीपर्यंत, डोक्यातून गाते. कागद नाही त्यामुळे हरवत नाही.

आज तुझ्या छपराचे टेकू लावून झाले. लोखंडी टेकूंचं जंगल झालंय, आत शिरलं की वाट सापडत नाही. वर प्लायचा साचा. गावकीचा लग्नाचा हॉल, तुझं स्वतःचं पहिलं काम. माजिवड्याच्या ऑफिसात इतकी वर्षं टॉवरच्या पार्किंगच्या रेघा मारल्यास, ती नोकरी सोडून घेतलेलं. चार कोपऱ्यांत चार पाय, भिंती नाहीत, वर पातळ, वळलेलं छप्पर. "आजी, कसं दिसतंय?" मी म्हटलं, चार सुपं कडेला कड लावून ठेवल्यासारखं. तू खूश झालीस. मी काही कौतुक केलं नव्हतं. सपाट स्लॅब असता तर वर बोंबील सुकवता आले असते.

२१ जानेवारी, मंगळवार

आज बायकांचा दिवस. साच्यावर काथ्याच्या दोरीने चौक मांडायचा, ही तुझी कल्पना. लग्नघरात तांदळाच्या पिठाने चौक लिहितो, तोच, दोरीचा. वर काँक्रीट पडणार, वाळणार, मग साचा आणि दोरी काढली की छताला खालून चौक उमटलेला दिसणार. म्हणजे दिसावा.

बायका शिडीवरून वर, मी खाली खुर्चीत.

"आजी, चंद्र कुठं?"

"सूर्यासमोर गो! आणखी कुठं?"

होडी, मासळी, भाताची कणसं. सगळ्यात हिरामणची बायको पुढे. हिरामण आपला शेजारी आणि भाऊबंद, त्यांच्या साहिलचं लग्न फेब्रुवारीत आहे. ती दोरीला खिळे मारताना म्हणाली, आमच्या पोराच्या लग्नाला हॉल तयार पाहिजे. तू वरूनच म्हणालीस, "काकी, नाही होणार." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुपारी कल्याणहून प्रधान साहेब आले. मोठे इंजिनियर, छप्पर पक्कं आहे अशी सही त्यांची लागते. ती नाही मिळाली तर गावकी हे तोडून दुसऱ्याकडून सपाट स्लॅब घालून घेणार, हे आधीच ठरलंय. साहेब शिडी चढले, दोरी पाहिली. "तन्वी, हे छप्पर आहे की रांगोळी?"

"सर, दोन्ही."

"दोन्ही म्हणजे बरेचदा एकही धड नाही."

तू हसलीस. ते हसू मला माहीत आहे, दात आतून दाबलेले असतात.

वंदना त्यांचं 'प्र.सा.' लिहिते. शाई वाचते म्हणते. तिची भांडी राहिलीत, म्हणून.

२३ जानेवारी, गुरुवार

स्लॅब भरला. देवाची कृपा, एक मिक्सर बंद पडून चालू झाला, तेवढंच विघ्न. नारळ मी फोडला. कामगारांना वडापाव, जिलबी. तू सकाळपासून वर होतीस, लगद्याच्या कडेने चालत, सगळीकडे बोट दाखवत. पातळ ठेवा, इथे दाबा, दोरी हलवू नका.

तुझा बाप लांबून बघून गेला. बाळाराम माझा मुलगा आहे, तेव्हा मी बोललं तर चालतं. अर्ध्या डोंबिवलीला रेती-खडी त्याने पुरवली. तुला सांगत आला, एक काहीतरी धर, इंजिनियर हो नाहीतर चित्रं काढ. तू त्याच्यासाठी डिप्लोमा केलास, मग स्वतःसाठी आर्किटेक्ट झालीस, आणि आता एकाच वेळी दोन्ही करतेस, त्यामुळे त्याला कोणत्या बाजूने रागवावं कळत नाही. "त्या वाकड्या छपराला माझी रेती लावू नको, लोक हसतील," म्हणाला. तू हूं की चूं न करता दुसऱ्याची रेती आणलीस. आपल्या दारात ट्रक उभा, आणि पोरगी परक्याची रेती घेते. त्या दिवसापासून दोघं एका वेळी जेवायला बसत नाहीत.

संध्याकाळी ताटावर झोपलीस. हात भातात. वंदनाने हात धुतला, तू जागी नाही झालीस.

२६ जानेवारी, रविवार

छपराला पाणी मारायचं, गोणपाट ओले ठेवायचे. आणि टँकर आला नाही. नळाला आलं तेव्हा बायकांनी घरचे हंडे आधी छपरावर रिकामे केले, मग घरात भरले. हिरामण म्हणाला, "आमच्या घरान न्हायाला पानी नाय आन् सिमेटाला आंघोल!" पण हंडा त्यानेही आणला.

काल संध्याकाळी शेतात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वरून भांबुर्ड्याचा पाला. तुझा वाटा तू स्कूटरच्या डिकीत ठेवलास आणि विसरलीस. आज सकाळी मांजरांनी आठवण करून दिली.

३० जानेवारी, गुरुवार

माजिवड्याच्या साहेबांचा फोन. तुझी खुर्ची त्यांनी अजून कोणाला दिलेली नाही. होळीपर्यंत कळव म्हणाले. तू "कळवते" म्हणालीस, ना हो, ना नाही.

फोन ठेवल्यावर तू भिंतीवरच्या पालीकडे बघत बसलीस. मी विचारलं, "तिचं पण मोजमाप घेतेस काय?" हसलीस. मग एवढंच म्हणालीस, "आजी, हे छप्पर नाही राहिलं ना, तर मला परत कोणी नाही विचारणार. पार्किंगच्या रेघांना विचारतील."

मला त्यातलं काही कळत नाही. पण खोपटच्या एसटी डेपोची गोष्ट मला पक्की आठवते. तू एवढीशी, आत्याकडे निघालेलो. तू वर बघून छपराचे लोखंडी त्रिकोण मोजत होतीस आणि मधे बोलायचं नाही असा मला दम दिला होतास. गाडी लागली, भरली, सुटली. आपण तिथेच. मला राग यायला हवा होता. मी तुझ्याबरोबर वर बघत बसले.

८ फेब्रुवारी, शनिवार

वंदना, पाणी पी आणि मग लिही. मलाही दे.

आज साहिलची हळद. मी दुपारपासून हिरामणच्या घरात. चौक लिहिला, बायका जमल्या. तू टाइल बघायला ठाण्याला गेलेलीस. दिवेलागणीला डीजे सुरू झाला, तो आवाज मला भलत्याच बाजूने आला. अंगणाकडून नाही, खाडीकडून. खाडीकडे तर फक्त तुझा हॉल.

हिरामणच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "अंगनान बॉक्स मावंत नव्हते. म्हटलं हॉल आपलाच हाय."

"आणि टेकू?"

"मधले काढले ह्यांनी. नाचाला अडचन होत होती."

मी चौकावरून उठले. अक्षर येत नसलं तरी टेकू कशाला लावतात ते मला माहीत आहे. गेले. तिथे सगळं गाव. हिरामण आणि त्याच्या भावांनी मधले टेकू काढून कडेला नीट रचून ठेवलेले, जमीन शेणाने सारवलेली, उरलेल्या टेकूंना झेंडूच्या माळा. इतक्या मायेने केलेला गाढवपणा मी आजवर बघितला नव्हता. वर तुझं छप्पर, मध्ये साहिल खांद्यावर, आणि बाजा असा की छातीत धडधड होत होती.

ओरडले असते तर दोन गोष्टी झाल्या असत्या. एक तर कोणी ऐकलं नसतं, नाहीतर सगळे एकदम पळाले असते, टेकूंना धडकत. मी डीजेवाल्याकडे गेले. म्हटलं, धवला लागतोय, बंद कर. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बंद केलं. ठाण्याचा होता, पण आई आमच्यातली असणार. मग मी तिथूनच गायला सुरुवात केली आणि गात गात घराकडे चालू लागले. धवला सुरू झाला की नवरा पाटावर पाहिजे, यात कोणाचं काही चालत नाही. साहिल खांद्यावरून उतरला आणि माझ्या मागून आला. नवऱ्यामागून करवल्या, त्यांच्यामागून सगळं गाव. हॉल रिकामा झाला, कोणाला का ते कळलंही नाही.

घरी पोचल्यावर मात्र माझा आवाज गेला. हळदीचा धवला पहिल्यांदाच अर्धवट सोडला. पुढचा बायकांनी पुरा केला, दोन ठिकाणी चुकून.

तुला फोन वंदनाने केला.  

९ फेब्रुवारी, रविवार

काल रात्रीचं आज सांगते.

तू आलीस ती थेट हॉलवर. आत कोणाला येऊ देईनास. मी बाहेर दगडावर, शेजारी हिरामण, अंगावर हळदीचे डाग, तोंड उतरलेलं. सारखं म्हणत होता, "काकी, माना वाटला सिमिट वाललाय. वाललाय ना?" 

आत तुझी बॅटरी फिरत होती. मोजण्याला आवाज नसतो, तरी मी ऐकत बसले. बऱ्याच वेळाने बाहेर आलीस आणि हसायला लागलीस. हसता हसता रडलीस, मग पुन्हा हसलीस. मला वाटलं गेली पोरगी कामातून.

मग म्हणालीस, बसलंय थोडं, पण मी काढलेल्या हिशोबाच्या आत. आणि हिरामणकडे वळलीस. "काका, कोणता टेकू आधी काढलात?"

"मधला. डीजेचा नाच मधी नसतो काय?"

"मग?"

"मंग त्याच्या भवतालचे. मंग आणखीन भवतालचे. कडेचे ठेवले, माला लावाला."

तू पिशवीतून नकाशा काढलास आणि त्याच्यासमोर धरलास. टेकू काढायचा क्रम तू आधीच काढून ठेवलेला. मधला पहिला, मग गोल गोल बाहेर, कडेचे शेवटी. असं काढलं की वजन हळूहळू कोपऱ्यांच्या पायांकडे जातं, म्हणालीस. कडेचे आधी काढले असते तर... आणि पंजा खाली आपटून दाखवलास.

हिरामण नकाशा बघून म्हणाला, "म्हंजे बरोबर काडले ना?"

"काका, क्रम बरोबर. तारीख चुकली."

आज साहिलचं लग्न लागलं. हिरामण मांडवात सगळ्यांना सांगत होता, मी इंजिनियरच्या क्रमाने काढले. मी त्याला एक गुद्दा घातला. खूप बरं वाटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सगळं बरं नाही. एका कोपऱ्याजवळ बारीक चीर आहे. केसाएवढी. तूच प्र.सां.ना फोन करून सांगितलंस. बाळाराम म्हणाला, "कशाला सांगितलंस? दिसत पण नाय." तू म्हणालीस, "बाबा, मला दिसते." खूप दिवसांनी एवढं सरळ बोलणं झालं दोघांत.

प्र.सा. आले. आधी टेकू मोजले, मग माळा बघितल्या. सुकलेला झेंडू हातात धरून म्हणाले, "माझ्या आयुष्यात मी साइटवर कुत्री पाहिली, गाई पाहिल्या. हळद पहिल्यांदाच."

तू चौकशीला उभ्या पोरीसारखी उभी. त्यांनी नकाशा बघितला, चीर बघितली, तुझा हिशोब उभ्याउभ्याच पुन्हा केला. मग सांगितलं. अजून सही नाही. मुदत पुरी होऊ दे, मग बाकीचे टेकू काढा, मग छपरावर रेतीच्या गोण्या चढवून वजन देऊ. उतरवल्यावर छप्पर परत वर येतंय का बघू. तेही झालं तर चिरेवर काच लावून होळीपर्यंत थांबू. उन्हात छप्पर तापून ताणलं जातं, चीर हलली तर काच फुटेल.

"आणि फुटली तर, सर?"

"तर मी सही करणार नाही. तुझ्यावर राग म्हणून नाही. खाली लग्नं लागणार आहेत."

खरं बोलले. तुला वाईट वाटलं, पण मला ते आवडले.

जेवायला वाढलं. ते कल्याणचे कायस्थ, जिभेचे पक्के. वालाचं बिरडं चाखून म्हणाले, "आमच्याकडे नारळ जास्त असतो."

मी म्हटलं, "तुमच्याकडे वाल कमी पडत असतील, म्हणून."

दुसऱ्यांदा वाढून घेतलं. खाडीतल्या निवट्या मासळीचं कालवण तर वाटी तिरकी करून संपवलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज राहिलेले टेकू काढले. तुझ्या क्रमाने, तुझ्या तारखेला, प्र.सा. समोर. एक एक टेकू थोडा थोडा सैल करत. प्रत्येक वेळी सगळे वर बघायचे. शेवटचा निघाला तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. सगळे ऐकत होते. खाडीवरून बगळे ओरडले तेवढंच.

उभं राहिलं.

मग साचा सोडवला. प्लाय निघाला, दोरी सोलून निघाली, सापाची कात निघावी तशी. आणि चौक. तनू, मी इतके चौक लिहिले. पीठ सांडतं, पोरं पायाने फिसकटतात, लग्न संपलं की केर काढतो. चौक राहत नसतो. हा डोक्यावर आहे आणि केरसुणी पोचत नाही. होडी, मासळी, कणसं, चंद्राला दोरीचे पीळसुद्धा. मी मान वर करून इतकी बघत राहिले की रात्री वंदनाला तेल लावून चोळावी लागली.

सूर्याच्या बाजूला काहीतरी हिरवं चमकत होतं. काचेच्या बांगडीचा तुकडा, काँक्रीटमध्ये रुतलेला. कोणाची म्हणून सगळ्या बायकांनी हात बघितले. वंदनाने हात पदराआड घेतला. दोरी लावायच्या दिवशी तिची बांगडी वाढली होती आणि तुकडा सापडत नव्हता. (आई, हे लिहायला सांगायची गरज नव्हती. — वंदना) तू म्हणालीस, राहू दे. प्र.सा. म्हणाले, "नकाशात दाखवलेली नाही." पण हसत.

बाळाराम साच्याच्या ढिगाऱ्यापाशी उभा होता. वर बघत. मग प्र.सां.ना विचारलं, "गोण्यांना रेती किती लागेल?"

"भरपूर."

"माझी आहे," म्हणाला. तुझ्याकडे न बघता. तू पण त्याच्याकडे न बघता मान हलवलीस. दोघं एकाच साच्याची.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाळारामचे ट्रक सकाळपासून. रेती गोण्यांत, गोण्या दोराने वर. स्वतः वर चढून रचत होता. या वयात. मी खालून ओरडले, "हळू रे, पोरीचं छप्पर हाय!" वरून म्हणाला, "म्हणून तर मी रचतोय."

खाली घड्याळासारखी यंत्रं लावली, काटा छपराच्या पोटाला टेकवून. गोणी चढली की काटा हलतो. तू प्रत्येक काट्यापाशी जाऊन बघत होतीस. गोण्या आता उद्यापर्यंत वर राहणार. तुला जेव म्हटलं, "जेवले" म्हणालीस. डबा माझ्यासमोर भरलेला होता.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गोण्या उतरवल्या. काटे परत फिरले. प्र.सा. चष्मा पुसून पुसून बघत होते. शेवटी म्हणाले, "जितकं यायला हवं होतं त्यापेक्षा जास्त परत आलंय."

बाळारामला कळलं नाही. "म्हणजे चांगलं?"

"म्हणजे, बाळारामभाऊ, तुमची रेती वाया गेली. छपराने तिला काही किंमत दिली नाही."

बाळाराम इतका मोठ्याने हसला की त्याचा आवाज छतातून परत आला. ते आम्हा कोणाला माहीत नव्हतं. ते छप्पर आवाज परत देतं. मग प्रत्येकाला हाक मारून बघायची होती. हिरामणने आपल्या बायकोचं नाव घेतलं, ती लाजून गेली. मी साहिलच्या हळदीचा राहिलेला धवला गाऊन टाकला. अर्धवट काम मला आवडत नाही. चारी सुपांनी तो झेलला आणि परत माझ्याकडे टाकला. एवढी माणसं माझ्याबरोबर गातात असं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

तू बाजूला पायावर टेकून उभी होतीस. मी विचारलं, "हे पण तू आधी मोजलं होतंस?" खरं सांगितलंस. "नाही आजी. हे आपोआप झालं."

मग प्र.सां.नी कोपऱ्यातल्या चिरेवर काचेची पट्टी चिकटवली. बोटाएवढी. आता तिच्यावर सगळं.

दोघं बापलेक एका वेळी जेवले. वाढताना माझा हात थोडा सैल सुटला, वंदना म्हणते तूप जास्त पडलं. पडू दे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास. रताळी. आज काही झालं नाही. खूप दिवसांनी काही झालं नाही. छान वाटलं.

२ मार्च, रविवार

कळव्याच्या पलीकडून, दिव्याहून, एक बाई आणि दोन बुवा आले होते. वस्तीतल्या बालवाडीचं छप्पर करायचंय. जागा एवढीशी, पाणी नाही, चारी बाजूंनी इमारती अंगावर आलेल्या. बाई चौकाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "असं मुलांसाठी करता येईल का? झोपल्यावर वर बघायला काहीतरी." तू लगेच पेन्सिल शोधायला लागलीस. अंबाड्यात होती.

मग थांबलीस. सांगितलंस, या छपराला अजून सही नाही. होळीपर्यंत थांबा. ती बाई म्हणाली, थांबतो.

माजिवड्याला तू अजून काही कळवलेलं नाहीस.

९ मार्च, रविवार

काच शाबूत. ऊन कडक. गावातला प्रत्येक माणूस येता जाता काच बघून जातो. हिरामणने तर तिथे खाटच टाकलीय. दुपारच्या वेळी, ऊन चढलं की, बसतो आणि वर बघतो. "काकी, काच मी राखतोय." मी म्हटलं, "काचेपेक्षा तू लांब राहिलास तर बरं." त्याला माझं बोलणं लागत नाही, ही त्याची एक चांगली गोष्ट.

बाळाराम दोन-तीन गिऱ्हाइकांना घेऊन आला होता, रेतीचे. छप्पर दाखवायला. लांब उभं राहून मी ऐकलं, "वर गेलेलो मी स्वतः. काय हलत नाय." तू सांगू नकोस त्याला की मी ऐकलं.

तू मात्र काच बघायला जात नाहीस. बघितली की फुटेल असं वाटतं का, विचारलं. म्हणालीस, "इंजिनियरला असं वाटत नसतं." मग थोड्या वेळाने, "त्या चित्रं काढणाऱ्या दुसरीला वाटतं."

११ मार्च, मंगळवार

प्र.सा. उद्या येणार. शिमग्याच्या आदल्या दिवशी. काच आज संध्याकाळपर्यंत शाबूत होती, हिरामणने शपथेवर सांगितलं. पण उद्या आधी त्यांना छप्पर भर उन्हात तापलेलं बघायचंय, शिडी लावून, भिंग लावून. काच धरली असली तरी चीर वाढली असेल तर ते सांगतील. ते खोटं बोलणार नाहीत आणि तू बोलू देणार नाहीस.

तू ओटीवर बसलीयस, समोर दोन कागद. एकावर माजिवड्याला लिहायचं, एकावर दिव्याच्या बालवाडीचं छप्पर. पहिला कोरा आहे. दुसऱ्यावर रेघा दिसतात मला इथून. मला वाचता येत नाही, पण भरलेला आणि कोरा एवढं कळतं. लाव लाव पुढचे टेकू, कोण नको म्हणतंय?

वंदना विचारते, उद्या सही होणार असेल तर गोड करू का? नाही झाली तर गोडाचं काय तोंडात जाईल? अगं, डबा सहीवर ठरतो का! हे लिहू नकोस, डबा लिही.

तांदळाच्या भाकऱ्या, जाड नको, तनूला पातळ लागतात. निवट्या मिळाल्या तर कालवण, नाही मिळाल्या तर सुक्या बोंबलाची चटणी, लसूण जास्त. प्र.सां.चं बिरडं वेगळ्या डब्यात, आणि ह्या वेळी नारळ त्यांच्या मापाने घाल, नंतर बोलायला जागा नको. हिरामणला दोन भाकऱ्या वर, तो मागणार नाही पण खाणार. बाळारामच्या हाती पाठव, तनूच्या स्कूटरवर नको, ती विसरेल. तनूचा कांदा कापून देऊ नको, अख्खा दे. ती बुक्की मारून फोडते, त्यात तिला बरं वाटतं. आणि उद्या तिला कशावर तरी मारायला लागेल, काच काहीही म्हणो.